वॉकरला दात आले

गादीमास्तरांचं सगळं आयुष्य वाकण्यात गेलं. म्हणजे कुणापुढे नव्हे, सोफ्यांपुढे. लोकांचे खचलेले सोफे उलटे करायचे, त्यांची पोटं फाडायची, आतल्या स्प्रिंगा आवळून बांधायच्या, वरून फोम आणि कापड ताणून खिळे ठोकायचे, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. कामाच्या वेळी तोंडात दहा-बारा खिळे धरलेले असायचे, त्यामुळे दुकानात बोलणं कमी. दिवसभराचं साठलेलं ते घरी येऊन बोलायचे आणि त्यात निम्मे विनोद असायचे. ते विनोद त्यांना स्वतःला फार आवडायचे.

एकदा तीन माणसांचा सोफा जिन्यावरून उतरवताना त्यांच्या कमरेत कळ आली. ‘होईल बरं’ म्हणत त्यांनी दोन वर्षं काढली. हळूहळू डावा पाय इतका बधिर झाला, की एके दिवशी ते एकाच पायात चप्पल घालून अख्खा बाजार फिरून आले आणि दुसरी कुठे गळली याचा त्यांना पत्ताच नव्हता. तेव्हा मात्र बायकोने त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो दाखवला. कमरेतले दोन मणके एकमेकांवरून घसरत होते. ते सळ्या आणि स्क्रू घालून जोडायचे, म्हणजे कालांतराने तिथे हाड धरेल, असं ठरलं.

“स्क्रू किती सुताचे?” मास्तरांनी विचारलं.

“टायटॅनियमचे,” डॉक्टर म्हणाले.

“ते झालं हो, मी जाडी विचारली. पण नुसते आवळणार, की मागून नट पण लावणार?”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी पाठवताना हातात एक कागद दिला. तीन महिने वाकायचं नाही, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, कमरेतून वळायचं नाही. अंथरुणातून उठताना लाकडाच्या ओंडक्यासारखं एका अंगावर अख्खं लोळायचं आणि मग हाताच्या रेट्याने उठायचं. आणि मऊ जागी बसायचं नाही.

शेवटची अट मास्तरांना फार लागली. बाहेरच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, चाकं लावलेला हिरवा सोफा होता. पाहुणा त्यात बसला की लोण्यात सुरी जावी तसा आत जायचा. आता मास्तर त्या सोफ्यासमोर स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर, कमरेला पट्टा आवळून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे ताठ बसून असायचे.

दुखणं सोसवत होतं. सोसवत नव्हतं ते वस्तूंचं खाली पडणं. आजवर घरात कधी काही पडत नसे, ते आता एकसारखं पडू लागलं. कंगवा, गोळ्यांची पाकिटं, चष्म्याचं घर, पेन, पेनचं टोपण. एकदा पडलं की ते गेलंच. त्यांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. ती सकाळी सातला जायची आणि दुपारी तीनला येऊन पर्स ठेवायच्या आधी जमिनीवरचं पीक काढायची. खालच्या वस्तू उचलायला म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने एक लांब दांड्याचा चिमटा दिला होता. तो पहिल्याच सकाळी खाली पडला आणि मोडला.

शेवटी बायकोने आपल्या आईला बोलावून घेतलं.

सासूबाई स्त्रियांच्या तुरुंगात मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी त्या खोलीत शिरल्या की माणूस आपोआप हात बाजूला घेऊन उभा राहायचा. गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला होता, त्यामुळे त्याही खाली वाकू शकत नव्हत्या. हे लेकीच्या लक्षात आलं तेव्हा त्यांची बॅग आत आली होती.

“आई, तुला पण वाकता येत नाही गं!”

“वाकायची गरज काय? मी लक्ष ठेवीन,” सासूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी लक्ष ठेवलं. सात वाजता हजेरी, आठला गोळ्या, नऊला वॉकर धरून घरातल्या बोळात दहा फेऱ्या. त्या घड्याळ घेऊन टोकाला उभ्या राहायच्या. “जावईबापू, सातवी फेरी अर्ध्यातून वळवलीत. पुन्हा.” बोलण्यात मान पुरेपूर, पण सवलत नाही. जावयाला अरेतुरे त्यांनी कधी केलं नाही आणि जावयाच्या विनोदाला त्या कधी हसल्याही नाहीत. पूर्वी हसायच्या, असं मास्तरांना अंधुक आठवत होतं. पण गेली दहा-अकरा वर्षं त्यांचे ओठ शिवल्यासारखे घट्ट. आपले विनोद वयाबरोबर पडेल होत चालले, असा मास्तरांनी अर्थ लावला होता आणि आतून ते थोडे खचले होते.

एकोणिसाव्या दिवसाची गोष्ट. दुखण्याच्या गोळ्यांनी माणसाचं पोट धरतं, साफ होत नाही. मास्तरांचं पाच दिवस धरलं होतं. हा विषय जावयाशी कसा काढावा, या विचाराने सासूबाई सकाळपासून खोलीत येत होत्या आणि पाणी ठेवून परत जात होत्या. अकराच्या सुमारास त्यांनी धीर केला. मास्तर स्टुलावर बसले होते. त्या सोफ्याजवळ उभ्या राहिल्या, खाकरल्या आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या,

“जावईबापू, आज सुटका झाली का?”

मास्तर गंभीरपणे म्हणाले, “अर्ज केला होता सकाळी. अर्धा तास बसवून ठेवलं आणि फेटाळला.”

सासूबाईंचे खांदे हलले. त्यांनी तोंडावर हात नेला, पण उशीर झाला होता. इतकं मोठं हसू आलं, की त्याच्याबरोबर वरची अख्खी कवळीच बाहेर उडाली, फरशीवर एकदा आपटली आणि घसरत सोफ्याखाली गेली.

सासूबाईंनी टेबलावरचा नॅपकिन ओढला.

“झावईबापू,” तोंडावर नॅपकिन धरून सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही काही पाहिलं नाही.”

“काय पाहिलं नाही, आई? माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय.”

“लेकीला शांगू नका. तिला ठाऊक नाही. अकरा वर्षं कुणाला ठाऊक नाही.”

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बायको यायला चार तास होते. एकाच्या कमरेत स्क्रू, दुसऱ्याच्या खुब्यात गोळा, आणि दात जमिनीवर. शेजारणीला हाक मारायची सोयच नव्हती. शेजारणीला सांगणं आणि फलकावर लिहिणं एकच.

आधी सासूबाईंनी आपल्या काठीने सोफ्याखाली चाचपलं. कवळीला काठी लागली ती नेमकी मागून, त्यामुळे ती आणखी आत गेली. मग मास्तरांनी सोफ्याच्या रचनेवर विचार केला. सोफा त्यांचाच, त्याचा खालचा भाग त्यांना स्वतःच्या तळहातासारखा माहीत.

“आई, ह्याला चाकं आहेत. ढकलला की सरकेल. पण मला ढकलायची मनाई आहे.”

“मला नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्या सोफ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मागच्या मागे असा एक धक्का दिला, की सोफा खोली ओलांडून पलीकडच्या कपाटावर जाऊन धडकला. कपाटावरची फुलदाणी डगमगली आणि विचार बदलून उभी राहिली.

कवळी आता उघड्यावर होती. दात वर करून फरशीच्या मधोमध पडली होती आणि दोघांकडे बघून हसत होती.

“आता?” सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोकं खाजवलं. “आई, ड्रॉवरमध्ये टेप आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, कापड बसवायला वापरतो ती. आणि माझा वॉकर जरा टेबलावर ठेवता?”

सासूबाईंनी अॅल्युमिनियमचा तो चौपायी वॉकर टेबलावर आडवा केला. मास्तरांनी उभ्या उभ्या त्याच्या एका पायाच्या रबरी बुडाला चार पदरी टेप लावली. मग वॉकर खाली घेऊन, जत्रेत डाव लावणाऱ्यासारखा एक डोळा मिटून, त्यांनी तो पाय बरोबर कवळीवर ठेवला आणि दाबला. वॉकर उचलला. कवळी पायाला चिकटून वर आली.

“वॉकरला दात आले, आई!”

आता गमवायला काहीच उरलं नव्हतं. सासूबाई भिंतीला टेकून, नॅपकिन बाजूला ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते बघून मास्तरांनाही हसू आलं, पण हसलं की टाके ओढायचे, म्हणून ते “आई गं, हसवू नका, आई गं,” असं म्हणत हसले.

श्वास सापडल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तुमच्या विनोदांना मी हशत नव्हते, ते वाईट होते म्हणून नव्हे. कवळी शैल होती. पडेल म्हणून ओठ मिटून बशायची.”

मास्तरांचा चेहरा उजळला. “म्हणजे तो पोपटाचा पण आवडला होता?”

“नाही. तो वाईटच होता.”

एवढ्यात दार वाजलं. दोघांपैकी कुणालाही उठून दारापर्यंत पोचायला चार मिनिटं लागत, म्हणून दिवसा दार नुसतं लोटलेलं असे. आज शुक्रवार, व्यायामाचा वार आहे हे दोघंही विसरले होते. फिजिओथेरपिस्ट आत आला. पहिलवानासारखा देह, आवाज मात्र बासरीसारखा नाजूक.

“वा, मास्तर उभे! चला, लगेच फेऱ्या दाखवा.”

सासूबाईंनी ओठ मिटून मान डोलावली. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. मास्तर दात लागलेला वॉकर घेऊन बोळात निघाले. टक, टक, टक, कट्. टक, टक, टक, कट्. तिसऱ्या फेरीला फिजिओथेरपिस्टने कान टवकारले.

“वॉकरचा एक पाय मोठा झालाय का हो?” असं म्हणत तो खाली वाकला. आणि तसाच वाकून राहिला. बऱ्याच वेळाने वर न बघता त्याने विचारलं, “मास्तर, हे काय आहे?”

मास्तरांनी सासूबाईंकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी अख्ख्या बराकी ज्यांच्या नजरेने गप्प व्हायच्या, त्या बाईंच्या नजरेत पहिल्यांदाच विनवणी होती.

“माझी कवळी,” मास्तर म्हणाले.

“पण तुमचे सगळे दात…”

“जादाची आहे. करून ठेवलीय. पुढेमागे लागेल.”

“आणि ती इथे का?”

“हातात धरायला बंदी आहे ना. वजन.”

फिजिओथेरपिस्टने सरळ उभं राहून मास्तरांच्या डोळ्यांत पेन्सिलीएवढ्या टॉर्चने उजेड पाडला, त्यांना आजचा वार विचारला, एकवीस उणे चार किती ते विचारलं. मास्तरांनी सतरा सांगितलं. मग त्याने फाइलमध्ये काहीतरी लांबलचक लिहिलं, वीस मिनिटं व्यायाम करून घेतला आणि जाताना सासूबाईंना हळूच म्हणाला, “ह्यांच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारून घ्या.” सासूबाईंनी पुन्हा मान डोलावली.

तो गेल्यावर कवळी सोडवायला पाऊण तास लागला. टेप मास्तरांच्या धंद्यातली होती, ती सहजी सोडणारी नव्हती. शेवटी लोण्याचं बोट लावून ती सुटली. सासूबाईंनी ती भांड्याच्या साबणाने तीन वेळा घासली, तरी पुढचे दोन दिवस त्यांना सगळं रबरासारखं लागत होतं. तीन वाजता बायको आली, तेव्हा दोघं वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि सोफा कपाटाला टेकलेला होता.

“सोफा तिथे कसा गेला?”

“चाकं आहेत त्याला,” मास्तर म्हणाले.

त्या रात्री जेवताना बायकोने फाइल उघडली. घास हातातच राहिला. “अहो, तुम्ही जादाची कवळी करून घेतलीत?”

मास्तर पाणी प्यायले. सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या, “अगं, दूरदृष्टीचा माणूस आहे. तुझ्या वडिलांना नव्हती.”

बायकोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. गोळ्यांचा डोस तिने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडून कमी करून घेतला, आणि त्याने मास्तरांच्या पोटाचा प्रश्नही सुटला. पुढच्या आठवड्यात सासूबाई “वाचनालयात जाऊन येते” म्हणून बाहेर पडल्या आणि दातांच्या डॉक्टरकडून कवळी घट्ट बसवून आल्या. त्यानंतर त्या घरात मोकळ्या हसू लागल्या. तेव्हा मास्तरांना एक गोष्ट कळली, की काही विनोदांना त्या आता कवळी घट्ट असूनही हसत नाहीत. तसे विनोद त्यांनी मोजून बाजूला काढले. बरेच निघाले.

तिसऱ्या महिन्यात फोटो काढला. हाड धरू लागलं होतं. डॉक्टरांनी पट्टा काढायला आणि रोज दोन तास दुकानात बसायला परवानगी दिली, पण काम कमरेच्या उंचीच्या टेबलावर करायचं आणि सोफा उचलायला दुसऱ्याला सांगायचं. मास्तरांना सांगणं जमत होतं, गप्प राहणं जमत नव्हतं. खिळे तोंडात नसले की हे असं होतं, असं दुकानातली माणसं म्हणत.

सासूबाई निघाल्या त्या दिवशी त्यांना पोचवायला मास्तर खाली आले. पायऱ्या फक्त सहा होत्या. एक जण आधी चांगला पाय टाकत होता, एक जण आधी वाईट, आणि “आधी आपण,” “नाही, आपण,” असं होत होत अकरा मिनिटं गेली. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं.

“जावईबापू,” आत बसल्यावर सासूबाई काच खाली करून म्हणाल्या, “फेऱ्या चुकवू नका. मी फोन करीन.”

“हो आई.”

“आणि नवीन विनोद जमवून ठेवा. जुने संपले.”

टॅक्सी सुटली ती मास्तरांच्या पाठीमागच्या दिशेला. कमरेतून वळायला अजून बंदी होती. म्हणून ते शिकवल्याप्रमाणे छोटी छोटी पावलं टाकत, लाकडी कपाट फिरवावं तसे, अख्खेच्या अख्खे फिरले. पूर्ण फिरून हात वर केला, तोवर टॅक्सी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली होती आणि तिच्या जागी कचऱ्याची गाडी येत होती. मास्तरांनी हात तसाच हलवला. गाडीच्या ड्रायव्हरने जरा विचार केला आणि त्यानेही हलवला.