सरांच्या व्हायोलिनला हार घालणाऱ्यांनो

अहो, व्हायोलिनला हार कोण घालतं?

आज नाशिकला आमच्या सरांचा पहिला स्मृतिदिन. त्यांनी बांधलेली धून मी त्यांच्याच व्हायोलिनवर वाजवणार होतो. हॉलवर पोचलो तर व्हायोलिन फोटोपुढे! त्यावर हळदकुंकू, झेंडूचा ओला हार. सर हात पुसल्याशिवाय त्याला शिवूही देत नसत.

मी व्हायोलिनवरचं पाणी टिपत बसलो. तोवर नऊ भाषणं, शाली, नारळ. मग संयोजक म्हणाले, "वेळ संपली हो. तुमचं पुढच्या वर्षी घेऊ."

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, जवळ आल्या. "वर्षभर त्याचा आवाज नाही रे घरात. तेवढ्यासाठी आले होते."

शेवटी पार्किंगमध्ये वाजवलं, एकट्या काकूंसाठी. आत आभारप्रदर्शन चालूच होतं.

एक भाषण कमी झालं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?