दुष्काळातलं मखर

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांचं मखर कागदी पानांचं असायचं आणि ती पानं आई कापायची. जाड पांढरा कागद, छोटी कात्री आणि एकच नियम: समोर खरं पान असल्याशिवाय कात्री उघडायची नाही. पेन्सिलची रेघ नाही की छाप नाही. पानाकडं बघत बघत कागद फिरवायचा.

त्या वर्षी संधिवातानं तिची बोटं आखडली. वडील म्हणाले, "यंदा थर्माकोलचं मखर आणू." थर्माकोल एकदा घरात शिरलं की परत जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हट्टाला पेटले. म्हटलं, पानं मी कापते. लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशीपर्यंत मखर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर वडील थर्माकोल आणायला बाजारात जाणार, असं ठरलं.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. आमच्या पुंडलिकनगरात सगळ्यांचे कान टँकरच्या हॉर्नकडं. अंगणातली तुळससुद्धा भांडी विसळलेल्या पाण्यावर जगत होती. खरं पान आणणार कुठून? मी आठवणीनंच कापायला बसले. छान भरदार पानं झाली. मी खूश.

आईनं एक उचललं. "हे कशाचं?"

"आघाड्याचं."

"कुठं बघितलंस असा आघाडा?"

मी कात्रीशी चाळा करत राहिले.

"तू पान बघितलंच नाहीस. मागच्या वर्षीचं मखर आठवून कापायलीस."

मला भयंकर राग आला. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच आला. सगळी पानं तिच्यासमोर चुरगाळली आणि सायकल काढली.

गारखेड्याच्या मोकळ्या रानात लहानपणी आम्ही पत्री तोडायचो. तिथं आता चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले, आणि रेघांच्या आत बोअरचं मशीन धुरळा उडवत होतं. तशीच चिकलठाण्याकडं गेले. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. शेवटी एका कंपनीच्या भिंतीलगत आघाडा सापडला. वीतभर उंच, पानं कडेनं करपलेली, मधे किडीनं चाळण केलेली. बोरीचं पान वळून सुरळी झालेलं. जे मिळालं ते पिशवीत भरलं.

घरी आल्यावर ती पानं समोर मांडली आणि जशी होती तशी कापायला घेतली. करपलेली कड कापताना कात्री अडखळायची, भोकं तर ब्लेडनंच करावी लागली. बोटाला चिंध्या बांधून कापत राहिले. भरदार पान कापणं किती सोपं असतं, हे तेव्हा कळलं. आई शेजारी बसून बघायची. चुकलं की नुसतं "हं" म्हणायची.

आदल्या दिवशी सकाळी मखर बांधायला घेतलं, तेवढ्यात आत्या आली. दर वर्षी ती लक्ष्म्यांना माहेरी यायची. मखर बघून दारातच थबकली.

"अगंबाई, वहिनी! लक्ष्म्यांपुढं किडकी पानं? अपशकुन करता व्हय? काढा ते आधी."

वडिलांनी चपला घातल्या. माझे डोळे भरून आले. आता सगळं गेलं, असंच वाटलं.

आई शांतपणे म्हणाली, "वन्सं, लक्ष्म्या लेकी आहेत ना घरच्या? माहेरी यायल्या. मागच्या वर्षी तुम्ही आलात, तेव्हा पाणी जपून वापरा म्हणून तुम्हाला सांगितलंच की आम्ही. लेकीपासून माहेरची तंगी लपवायची असती का?"

आत्या दारातून आत आली. पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि मखराची खाली आलेली बाजू दोन्ही हातांनी वर धरली.

"बघत काय बसलीस?" ती माझ्यावर खेकसली. "दोरी बांध."