रेडिओ बंद करा, काका

आमच्या घरात मीठ मागायचं असलं तरी हे बातम्या दिल्यासारखं मागतात. "आता कृपया थोडे मीठ द्यावे." लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नव्या बायकोशी माणूस अदबीने बोलतोय. पुढे कळलं, तो सराव होता. रागावले की मात्र आपली बोली बरोबर तोंडात येते.

हे म्हणजे प्रेमदास. नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. सिंदी रेल्वे नावाच्या गावातल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर टाकण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, पण जीव सगळा रेडिओत. लहानपणी गावात पंचायतीचा रेडिओ संध्याकाळी भोंग्यावर लागायचा. हे त्याच्याखाली उभे राहून बातम्या जशाच्या तशा म्हणायचे. माझे सासरे, तानबा, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "माह्या पोराचा आवाज एक दिवस याच्यातून निंगन." यांचं सगळं तिथेच अडकलं.

नागपूरला दोनदा आवाजाची परीक्षा दिली. पहिल्या वेळी घसा बसला, दुसऱ्या वेळी वाचताना मधली ओळच सुटली. सासरे वाट पाहता पाहताच वारले. मग यांनी ऑटोत बसून भोंगा धरला. पोलिओचा डोस, उद्या नळ येणार नाही, कोणाची तरी शेळी हरवली. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमातही माइक यांच्याकडेच. लोक तारीफ करायचे, तर हे चिडायचे.

"भोंग्यावर कोणीई बोलते. रेडिओतून निंगला पायजे. आपल्या घरच्या रेडिओतून. अन् आपल्या कानानं आयकला पायजे."

त्या घरच्या रेडिओचा मला मनस्वी कंटाळा आला होता. त्याचे सेल, त्याची दुरुस्ती, त्याला पुसायचं वेगळं फडकं! रुपेशने, आमच्या मुलाने, चांगला मोबाइल आणून दिला. त्यातही रेडिओ वाजतो. यांनी त्याला हात लावला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला राहायला आलो, आणि वर्ध्यात एका संस्थेने छोटं रेडिओ केंद्र काढलं. शनिवारी सकाळी श्रोत्यांनी फोन करायचा आणि आपल्या आठवणी सांगायच्या. आमची लेक नंदिनी कितीतरी शनिवार नंबर फिरवत होती. मागच्या शनिवारी लागला एकदाचा.

हे पहाटेपासून तयार. केस विंचरले, पांढरा शर्ट घातला.

"रेडिओत शर्ट दिसते का?" मी म्हटलं. त्यांनी कॉलर सरळ केली.

फोनवरची मुलगी गोड बोलली. "काका, आता तुम्ही सगळ्यांना ऐकू येताय. आधी तुमचा रेडिओ बंद करा, आवाज घुमतोय."

यांनी कमी केला. बंद कसा करतील? त्याच्यासाठीच तर जन्म घालवला होता.

"नमस्कार श्रोतेहो," हे म्हणाले, आणि रेडिओ कूंऽऽ करून किंचाळला.

"काका, रेडिओ!"

आणखी कमी केला. एका कानाला फोन, दुसरा कान रेडिओला. फोनमधला आवाज फिरून रेडिओत यायला जरा वेळ लागतो, म्हणून एक शब्द बोलायचा आणि तो येण्याची वाट बघत गप्प बसायचं, असं सुरू झालं. शब्द काही येईना, नुसती शिट्टी. मुलगी म्हणते, काका, बोला ना. हे आपले वाट बघतायत.

"अवो, बंद करा ना तो डबडा!" मी ओरडले.

"थांब वं. मले आयकू दे."

तिकडून फोन कापला गेला आणि रेडिओवर गाणं लागलं. अगदी स्वच्छ.

शेजारची पंचफुला धावत आली. "वयनी, तुमचा आवाज आला रेडिओवर! एकदम साफ!"

"अन् माहा?" हे कोपऱ्यातून म्हणाले.

"तुमचं काईच समजलं नाई, भाऊजी. शिट्टीच वाजून राह्यलती."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्या मुलीचा, त्या शिट्टीचा, यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या तोंडाचा. नंदिनीने केंद्रावर फोन करून विचारलं, रेकॉर्डिंग मिळेल का. असे कार्यक्रम ते साठवून ठेवत नाहीत म्हणे.

"बाबा, पुढच्या शनिवारी परत लावू," ती म्हणाली.

"तवाई रेडिओ बंदच ठेवा लागन ना?"

मग मीच म्हटलं, "मी पंचफुलाच्या घरी बसून आयकतो. कसा आला ते येऊन सांगतो तुमाले."

यांनी रेडिओचं बटण फिरवून गाणं बंद केलं.

"तू तं जलमभर आयकूनच राह्यली," ते म्हणाले. "मले आयकाचं होतं."