बारवेवरची डोणी

एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जाफराबादजवळच्या त्या गावात सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर भिवा मास्तरांना. आता अर्ज घेऊन औरंगाबादेला खेटे घालायला नकोत, असं त्या भोळ्या माणसाला वाटलं. जालन्यातला कारकून म्हणाला, हे औरंगाबादेला लागतं. औरंगाबादचा म्हणाला, मुंबईला लिहा. मुंबईहून आठ महिन्यांनी उत्तर आलं, अर्ज जिल्ह्यामार्फत पाठवावा. मास्तरांनी डोक्याला हात लावला आणि पुन्हा जालन्याची एसटी धरली.

अर्ज होता गावाबाहेरच्या बारवेचा. काळ्या दगडाची, तीन बाजूंनी पायऱ्या असलेली, किती जुनी ते कुणालाच ठाऊक नाही. तिची उत्तरेची भिंत पोट आल्यासारखी फुगली होती. दर दिवाळीला मास्तर दोरी लावून ते पोट मोजत. एका साली दोन बोटं पुढं, पुढच्या साली तीन. अनुदान लवकर आलं नाही तर भिंत बसणार आणि तिच्यासंगं बारव बुजणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता.

घरात म्हातारी माय, झुंबरबाई. तिला या उद्योगाचा मनस्वी राग.

"कोणासाठी चपला झिजवून राह्यला रे? त्या बारवेत आपल्याला कधी पाय ठिवू दिला का कोन्ही?"

दिला नव्हता, हे खरं. मास्तरांच्या वस्तीतल्या बायांनी घागरी घेऊन काठावर उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून, अंतर राखून, काठावरच्या दगडी डोणीत पाणी ओतणार. त्या डोणीतून मग घागर भरायची. पाच वर्षांचा भिवा मायचा पदर धरून तिथं दुपार दुपार उभा राहिला होता. छप्पननंतर वस्ती बौद्ध झाली, पुढं हातपंप आला आणि बंदी उठवली असं कुणी न म्हणताच ती उठली. डोणी मात्र काठावर तशीच पडून होती.

"माय, ती बारव पडली तर तू तिथं उभी राह्यल्ती, हेबी कोन्हाला खरं वाटनार न्हाई," मास्तर म्हणत. म्हातारी तोंड फिरवून तांदूळ निवडायला लागे.

सरकारी दारं ठोठावण्यात सोळा वर्षं गेली. शेवटी पेपरात एका न्यासाची जाहिरात दिसली, जुन्या वास्तूंच्या जतनासाठी मदत. मास्तरांनी अर्ज केला. उत्तर आलं, अशा बारवा मराठवाड्यात गावोगावी आहेत, आपल्या बारवेत वेगळं काय? मास्तर चिडले. त्याच चिडीत त्यांनी डोणीबद्दल दोन पानं लिहून टाकली. महिन्याभरात पत्र हजर, डोणी पाहायला आमचा माणूस येतो आहे.

इथं मास्तरांनी घोळ केला. गावाला त्यांनी एवढंच सांगितलं की साहेब बारव बघायला येणार. डोणीचं नाव त्यांच्या तोंडून निघेना. ज्यांच्या बापजाद्यांनी वरून पाणी ओतलं, त्यांच्यासमोर ते कसं बोलायचं? भीड पडली. जन्मभर एका गावात राहायचं म्हटलं की पडतेच. त्याच भिडेपायी त्यांनी बारवेच्या कोपऱ्यान् कोपऱ्याचा फोटो काढला होता, डोणीचा नव्हता.

साहेब आले त्या सकाळी बारव झाडून लख्ख, काठावर सडा, रांगोळी. सरपंच पुंजारामभाऊ नवी टोपी घालून उभे. साहेबांनी चहा घेतला, वही उघडली आणि विचारलं, "ती डोणी कुठंय?"

मास्तरांनी काठाकडं पाहिलं. जागा मोकळी होती.

"पुंजारामभाऊ, डोणी?"

पुंजारामभाऊ जवळ आले, खालच्या आवाजात म्हणाले, "परवाच फोडली, मास्तर. खडी करून रस्त्याला टाकली. साह्यबानं इचारलं असतं, मंग चारचौघांत तुम्हाला कसं वाटलं असतं? तुमच्यासाठीच केलं, बिलकुल तुमच्यासाठी."

ओरडावं की रडावं, मास्तरांना कळेना. माणूस खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं. साहेब पेनाचं टोपण लावत म्हणाले, "वस्तू जागेवर नाही, फोटोही नाही. मी काय लिहू?"

तेवढ्यात गर्दीतून काठी टेकत झुंबरबाई पुढं आली.

"डोनी फोडली, मी तर हाये ना? मला लिव्हा."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. म्हातारी मोकळ्या जागेवर उभी राहिली. घागर कुठं ठेवायची, ऊन डोक्यावर यायचं तेव्हा सावली कुठवर सरकायची, ओतणारा कोणत्या दगडावर उभा राहायचा, सगळं तिनं काठीनं दाखवलं. पुंजारामभाऊंनी टोपी हातात घेतली होती आणि ते जमिनीकडं बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, "आजी, आता खाली चला, आतली बाजू दाखवा."

"खालचं मला काय ठाव? मी कधी उतरलेच न्हाई."

साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

चार महिन्यांनी न्यासाचं पत्र आलं. मदत तत्त्वतः मान्य. मात्र ज्यांच्या जबानीवर ती मान्य झाली, त्या साक्षीदार हयात असल्याचा तहसील कचेरीचा दाखला, तीन प्रतींत, पंधरा दिवसांत जोडावा.

मास्तरांनी पत्र जमिनीवर आपटलं. "आता हेच राह्यलं होतं! सतरा वर्षं झाली, माय, सतरा! मेली असती तर मेल्याचा मागितला असता. न्हाई जायचं मला कुठं. पडू दे ती भिंत."

झुंबरबाईनं पत्र उचललं, पदरानं पुसलं. मग पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढून नेसायला लागली.

"ऊठ. नऊची एसटी हाये ना? जित्ती हाये तवर नेऊन दाखव मला. अन् भिंत उभी राह्यली का, मला खाली उतरून बघायचंय."