आधी एक कप

चारकोपला आमच्या शेजारी एक काकू एकट्या राहतात. मधली भिंत इतकी पातळ, की रोज सकाळी त्या स्वतःलाच कामाला लावताना ऐकू येतात. "चल गं बाये, आधी एक कप. एकच धू." मग नळ सुरू होतो, आणि त्या एका कपामागून भांडी, केर, फरशी सगळं होऊन जातं.

एकदा मी म्हटलं, "काकू, किती दामटता स्वतःला!"

त्या हसल्या नाहीत. "काका गेल्यावर मी नुसती बसून राहिले होते. जेवायचंही सुचायचं नाही. आता बसायचीच भीती वाटते गं."

गेल्या आठवड्यात नळ सुरू झाला, पण भांडी वाजेनात. पाणी नुसतं पडत राहिलं. मी धावत गेले. दार लोटलेलंच होतं. काकू सिंकसमोर उभ्या होत्या. पाणी ओसंडून त्यांच्या पायांवर पडत होतं, आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी नळ बंद केला.

"काकू, काय होतंय?"

"काही नाही. हातच उचलवत नाही. कशासाठी करायचं, तेच आठवत नाही."

मी एक ताट घासलं आणि त्यांच्या हातात फडकं दिलं. बऱ्याच वेळाने त्यांनी ताट पुसलं, मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

"उद्या येशील?" माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं.

आता रोज जाते. बेल दाबल्यावर आतून पावलं ऐकू येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.