आधी मला विचारा

डॉ. उषाताई सबनीस यांची आणि माझी पहिली भेट मी आडवा असताना झाली. ऐंशीच्या दशकात मी नुकताच लंडनमधल्या हाउन्सलोला आलो होतो आणि माझे हर्नियाचे ऑपरेशन होते. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा नाव विचारले, तेव्हा मी वैतागून मराठीत पुटपुटलो, "किती वेळा सांगू या बाईंना!" मास्कमागून अस्सल पुणेरी उत्तर आले, "भूल चढेपर्यंत सांगा." शुद्धीवर आलो तर उशाशी त्यांच्या मराठी मंडळाचा सभासद अर्ज!

दोन वर्षांत मी मंडळाचा कार्यवाह झालो. अध्यक्षा ताईच होत्या. दिवसभर हॉस्पिटल करून त्या ईलिंगच्या हॉलवर येत, खुर्च्या मांडत आणि इथेच जन्मलेल्या मुलांकडून नाटकाची तालीम करून घेत. माझ्या आईचे मोतीबिंदू काढायचे ठरले, तेव्हा ताईंनी स्वतःची रजा टाकून दुभाष्याचे काम केले. आई अजूनही माझ्या तक्रारी त्यांच्याकडेच करते.

नव्वदच्या सुमारास त्यांनी एक ठराव आणला. मंडळाचे हिशेब दर वर्षी तपासले जात. कार्यकारिणीचा कारभार मात्र कोणीच तपासत नसे. तो कधीही पदावर नसलेल्या दोन सभासदांनी तपासावा, आणि ठरावावर हात वर करून नव्हे तर चिठ्ठ्या टाकून मतदान व्हावे, असे त्यांचे म्हणणे. कार्यकारिणी खवळली.

"ताई, हा आमच्यावर अविश्वास आहे. दिस इज नॉट फेअर," खजिनदार म्हणाले.

"अहो, थिएटरमध्ये मी कन्सल्टंट, तरी माझं इंजेक्शन नर्स चेक करते. मग आपल्याला काय सोनं लागलंय?"

सर्वांत जास्त घाम फुटला होता मला. कार्यकारिणीच्या निम्म्या बैठका कधी झाल्याच नव्हत्या. मी दोघातिघांशी फोनवर बोलायचो आणि स्वयंपाकघरात बसून इतिवृत्त रचायचो: कोण हजर, कोणाचे अनुमोदन, 'चहापानानंतर सभा संपली'. आपण ड्यूटीवर असताना बैठक झाली असेल, अशा समजुतीने ताई सही करत. मतदानाच्या आधी मी त्यांच्या घरी जाऊन सारे कबूल केले आणि ठराव मागे घ्या म्हणून अक्षरशः गयावया केली. आई सोडली तर मंडळाबाहेर मला या देशात माणूसच नव्हते. तिथे तोंड दाखवायला जागा उरली नसती, तर मी कुठे जाणार होतो?

ताईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ठराव मागे घेणार नाही. पण सभेत तुम्हाला एकटं उभं राहावं लागणार नाही."

ठराव मंजूर झाला. तपासनिसांना लगेच सापडले, की एका बैठकीत अनुमोदन देणारे गृहस्थ त्या दिवशी कॉव्हेंट्रीला स्वतःच्या मुलीच्या लग्नात होते. त्या लग्नात मीही पोटभर जेवलो होतो.

सभेत मी उठायच्या आत ताई उठल्या. "सह्या माझ्या आहेत. काही न विचारता केल्या. आधी मला विचारा." मग मी उरलेले सांगितले. ताईंनी तिथल्या तिथे अध्यक्षपद सोडले. रौप्यमहोत्सव तोंडावर आला होता, आणि तो त्यांनी दोन वर्षे खपून आखला होता. मला मात्र सभेने ताकीद देऊन पदावर ठेवले. चहाच्या वेळी माझ्याकडे कोणी फिरकेना. ताई दोन कप घेऊन शेजारी येऊन बसल्या आणि हसत म्हणाल्या, "चला, चहापान तरी खरं झालं."

महोत्सवात त्या शेवटच्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. मला तेव्हा रडू आवरले नाही.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची तब्येत ठणठणीत राहो आणि आम्हाला दटावायला त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. ताई, एक गोष्ट मात्र तुम्हाला आजवर सांगितलेली नाही. तुम्ही माझ्याबरोबर उभे राहण्याचा शब्द दिलात, तरीही त्या दिवशी मी चिठ्ठी टाकली ती तुमच्या ठरावाच्या विरोधात. शंभरी गाठा ताई, आणि जमले तर मला माफ करा.