गाळलेली ओळ

दर गुरुवारी माझ्याकडे यायला आरोन सकाळी साडेदहाच्या बसने मोशीला उतरायचा. दीड महिन्यापूर्वीच्या एका गुरुवारी अकरा वाजून गेले तरी आला नाही, म्हणून चिंचवडला त्याच्या घरी फोन लावला. रेचलवहिनींनी उचलला. "भावजी, ते गेले. पहाटे, झोपेतच..." मी विचारलं, "कुठे?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेल.

आरोन अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमच्या कारखान्यात त्याच्या धर्माचा तो एकटाच. त्याला शनिवार पाळायचा असे आणि आमच्या भागातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. मी चिडवायचो, "आरोनराव, देवाला सांगा, गुरुवारी विश्रांती घे म्हणावं." तो म्हणायचा, "सांगून पाहिलं सदा, पण त्याची जनरल शिफ्ट आहे." आम्ही दोघे मापखोलीत होतो. यंत्रावर निघालेला माल बरोबर आहे की नाही ते तपासणारी ती थंड, बंद खोली. आरोन तिथला मुख्य, मी त्याच्या हाताखाली. एकदा भिंतीवर पाल दिसली तेव्हा मी झाडू शोधायला लागलो. "राहू दे," तो म्हणाला, "साहेबांनासुद्धा चपला काढून यावं लागतं इथे, आणि ही बघ, हक्काने राहते." मग त्याने त्याच्या हिब्रू शास्त्रातल्या एका लेखकाबद्दल सांगितलं. मोठमोठ्या राजांच्या नावावरच्या वचनांच्या मागे, अगदी शेवटाकडे, या माणसाची दोन पानं आहेत. बापाचं नाव सोडलं तर त्याच्याविषयी कुणाला काहीच माहीत नाही. मुंगी, पाल असल्या क्षुद्र जिवांत त्याला शहाणपण दिसतं. आणि सुरुवातच तो अशी करतो की माझ्याइतका अडाणी माणूस नाही, मला काही कळत नाही. मी हसलो. "मग लिहायला कशाला बसला?" आरोनही हसला. "एवढं तरी कळलं ना त्याला!"

आता जे लिहायचं राहिलं आहे ते लिहितो. मापखोलीत अगदी नेमक्या मापाची एक पोलादी कडी होती. तिच्यावरून बाकीची मापनयंत्रं लावायची, म्हणून तिला धक्कासुद्धा लागता कामा नये. ती माझ्या हातून फरशीवर पडली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी ती पुसली, तेल लावलं आणि डबीत ठेवून दिली. पंधरा दिवसांनी चाकणच्या गिऱ्हाइकाकडून, मापं चुकली म्हणून, गाडीभर माल परत आला. आरोनने दोन दिवस सगळं उलटसुलट तपासलं, आणि अहवालात 'कारण' या रकान्यात लिहिलं : मला माहीत नाही, शोधायला वेळ द्यावा. साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. "या माणसाला काही येतं का रे?" मी म्हणालो, "माणूस देवासारखा आहे, साहेब. पण डोकं चालत नाही. स्वतःच लिहून देतोय की..." त्याला पॅकिंगला पाठवलं. त्याची खुर्ची मला मिळाली. निवृत्त होईपर्यंत तो खोकी बांधत राहिला. ज्याला माहीत नव्हतं त्याने तसं लिहून दिलं. ज्याला माहीत होतं तो गप्प बसला, आणि हुशार ठरला.

निवृत्तीनंतर गुरुवारी तो माझ्याकडे यायला लागला. माझी बायको गेल्यावर तर एकही गुरुवार चुकवला नाही. चहा झाला की पिशवीतून त्याच्या शास्त्राच्या मराठी भाषांतराचं पुस्तक काढायचा, चष्मा पुसायचा आणि विचारायचा, "आज काय वाचू?" मी म्हणायचो, "तुझा तो अडाणी." ऐकून ऐकून ती दोन पानं मला पाठ झाली होती. निदान मला तसं वाटत होतं.

सात दिवसांचं सुतक संपल्यावर वहिनींनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. घरी येऊन मी ती पानं प्रथमच स्वतः वाचली. मधे एक ओळ आली ती मी कधी ऐकलेलीच नव्हती. नोकराबद्दल त्याच्या मालकापाशी वाईट बोलू नये, एवढीच. मी परत वरून सुरू केलं. आधीची ओळ पाठ होती, नंतरची पाठ होती. ही नव्हती. अक्षर पुसट असेल, पान दुमडलं असेल, असं काही निघावं म्हणून भिंग घेऊन पाहिलं. छपाई स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी चिंचवडला गेलो. वहिनी वाल सोलत होत्या. विचारलं, "हे पान तो घरी कसं वाचायचा?"

"कसं म्हणजे? सगळं. एक ओळ सुटली तर मी टोकायचे ना."

मग मी त्यांना कडीचं सांगितलं, साहेबांशी काय बोललो तेही सांगितलं. त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, "पॅकिंगला गेले त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, खुर्ची सदाला मिळाली, बरं झालं, बाहेरचं कुणी आलं नाही." आणि पुन्हा वाल सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, "इतके गुरुवार होते, भावजी..."

परतीच्या बसमध्ये मी पुस्तक उघडलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. शेजारच्या माणसाला वाटलं मी त्याच्याशीच बोलतोय. "काय म्हणालात, काका?" त्याने विचारलं.

मी त्याला ती पुन्हा वाचून दाखवली.